नाथाच्या बलूनची टोपली

मी टोपली बोलतेय. वेताची, कंबरभर उंच, जाड दोर अडकवायला चारी कोपऱ्यांना पितळी कड्या असलेली. माझ्याकडे बघून येणारेजाणारे विचारतात, हिच्यात कोंबड्या ठेवता की भात? मी गप्प बसते. जिने ढग खालून नव्हे तर वरून पाहिलेत, तिने कोंबड्यांच्या गोष्टी काय करायच्या?

पण तोऱ्याने बोलत असले तरी खरं सांगते, मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही. वारा सुटून दार वाजलं तरी माझा वेत करकरतो. कोणी माझ्या आसपास चिलीम पेटवली तर माझा जीव खालीवर होतो. का ते सांगते.

माझा जन्म कल्याणच्या बुरूड आळीतला. गुणाजी बुरुडाने मला विणलं. तोंडात तंबाखूचा बार आणि मांडीवर ओला वेत, असा तो दिवसभर बसायचा. एका गोऱ्या कप्तानाने नोकराकरवी माप पाठवलं होतं. एवढी थोरली टोपली साहेबाला कशाला लागते, त्याच्याकडे लग्न निघालंय का, अशी आळीत थट्टा चालली होती. माझा तळ विणून झाल्यावर गुणाजीने नोकराला सहज विचारलं की हिच्यात माल किती भरणार. नोकर म्हणाला, माल नाही, माणूस उभा राहणार, आणि ही आकाशात जाणार.

गुणाजीचे हात थांबले. त्याने विणलेल्या तळावर अंगठा दाबून पाहिला. मग माझा तयार झालेला तळ उसवला आणि दुहेरी वेत घेऊन पुन्हा पहिल्यापासून विणायला घेतला. तो माणूस कोण, कुठला, त्याला ठाऊक नव्हतं. त्या दुहेरी तळाचे उपकार मी कधी विसरणार नाही.

माझ्याबरोबर विणलेल्या बाकीच्या टोपल्या बाजारात गेल्या, मी ठाण्याला खाडीजवळच्या छावणीत गेले. तिथे पहिला धक्का बसला. मैदानात रेशमी कापडाचा एवढा मोठा ढीग पडला होता की त्याखाली आळीतली चार घरं झाकली असती. शेजारी पिंपं मांडलेली. पिंपात लोखंडाचा कीस, त्यावर तेजाब ओतायचं, की आत फसफसून एक हवा तयार व्हायची. ती हवा नळीतून रेशमात भरत गेली आणि तो ढीग हळूहळू उठून उभा राहिला. त्याला साहेब बलून म्हणत. मला त्याच्या खाली टांगलं.

त्या हवेचा स्वभाव भयंकर होता. ठिणगी दिसायचा अवकाश, भडका. म्हणून छावणीच्या फाटकावर सगळ्यांच्या विड्या आणि काड्यापेट्या काढून घेत. नाल मारलेले बूटसुद्धा बाहेर ठेवावे लागत, न जाणो दगडावर नाल घासला तर. छावणीतलं पोर न् पोर हे जाणून होतं. छावणीबाहेर मात्र ते कोणाला ठाऊक नव्हतं, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

काम टेहळणीचं होतं. मला दोराने जमिनीला बांधून उंच सोडायचं, आतल्या माणसाने दुर्बिणीतून खाडी, डोंगर, वाटा पाहायच्या आणि कागदावर नकाशा काढायचा. कप्तान या विद्येत मुरलेला, पण देहाने भारदस्त. त्याच्यासकट बलून ताडाच्या वर जाईना. त्याच्या हाताखालचा तरुण अधिकारी सडपातळ होता, पण जरा उंच गेल्यावर त्याचे डोळे फिरले आणि तो माझ्यातच ओकला. माझ्यासारख्या नव्याकोऱ्या टोपलीत! मला इतका संताप आला की काय सांगू.

मग दोर धरणाऱ्या गड्यांमधून कप्तानाने नाथाला निवडलं. नाथा कोलशेतचा, आगऱ्याचा पोर. पावसाळ्यात शेत, उन्हाळ्यात मिठागर, आणि मधल्या काळात गलबतावर डोलकाठी चढून शीड सोडायचं काम. उंचीची त्याला सवय होती. कप्तानाने त्याला हौसेने शिकवलं. वारा कसा ओळखायचा, वाळूची पोती कधी टाकायची, माथ्यावरच्या झडपेची दोरी किती ओढायची, नकाशात खाडी कशी दाखवायची. नाथा मुकाट्याने सगळं शिकला.

मी त्या पोरावर भाळले, हे उघडच सांगते. वर गेल्यावर माणसं एक तर देवाचा धावा करतात नाहीतर बढाया मारायला लागतात. नाथा यातलं काही करायचा नाही. आधी चारी दोर चाचपायचा, मग माझ्या कडेवर कोपर टेकून सावकाश बघायचा. एकीकडे पारसिकचा डोंगर, एकीकडे मलंगगड, मधून वळत गेलेली उल्हास. कोलशेतची मिठागरं दिसली की तो हटकून हसायचा. त्यात त्याची आई राबत असायची. तुळसाबाई तिचं नाव. नवरा खाडीत बुडून गेलेला, हा एकुलता एक.

तुळसाबाईला मुलगा छावणीत दोर धरतो एवढंच ठाऊक होतं. आकाशात जातो हे त्याने घरी सांगितलंच नव्हतं.

एके दिवशी दुपारी नाथा आणि मी वर असताना दक्षिणेचा वारा एकाएकी वाढला. खालून निशाणाने इशारा झाला, माणसं दोर गुंडाळू लागली, आणि दोर कप्पीवर घासून तुटला. मला हिसका बसला. छावणी मागे पडली. मी घाबरून गेले होते, पण नाथाने आधी वाऱ्याची दिशा पाहिली, मग झडपेची दोरी धरली. थोडी थोडी हवा सोडत त्याने बलून खाली आणला आणि आम्ही अलगद उतरलो ते नेमके कोलशेतच्या मिठागराच्या बांधावर.

सगळं गाव धावलं. आधी लोक लांब उभे राहिले. बायकांनी पदर तोंडावर घेतले. मग कोणीतरी ओळखलं की आत नाथा आहे, आणि जो गलका झाला तो विचारू नका. नाथाने लोंबणारे दोर धरायला सांगितलं. त्याचा चुलता राघो आणि आणखी दहाबारा जणांनी ते घट्ट धरले. नाथाला उतरता येत नव्हतं. त्याचं वजन कमी झालं असतं तर बलून माणसांच्या हातून दोर हिसकावून उडाला असता. हवा सावकाश सोडत बसणं एवढंच हातात होतं, आणि त्याला वेळ हवा होता. माझ्या डोक्यावर तो भलामोठा गोळा वाऱ्याने कलत होता, कधी माणसांच्या अंगावर झुकत होता. झडपेतून हवा निघतच होती. मनात म्हटलं, निभावलं.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि तुळसाबाई आली.

तिच्या हातात ताट होतं. ताटात कुंकू, तांदूळ, आणि पेटलेला दिवा.

मुलगा जिवावरच्या संकटातून परत आला की आई त्याला ओवाळते, मग घरात घेते. कोलशेतातली कुठलीही आई हेच करते. गलबतं बंदराला लागली तरी बायका हेच करतात. आणि हा तर आभाळातून आलेला. दिवा वाऱ्याने जाऊ नये म्हणून तिने पदराचा आडोसा धरला होता आणि ज्योतीवरची नजर न हलवता ती बांधावरून चालत येत होती. बायका तिच्या मागून गात येत होत्या.

मी सगळं पाहत होते. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

नाथाने एक हात वर केला. "आये, थांब," तो म्हणाला. "दिवा इजव."

गाणं बंद पडलं. तुळसाबाई थबकली. तिच्या तोंडावरचे ते भाव मी जन्मात विसरणार नाही. कोणी भर लग्नात तिला हाकलून द्यावं तशी ती दिसत होती. ओवाळणीचा दिवा विझवायचा म्हणजे ज्याला ओवाळायचं त्याच्या आयुष्यावर फुंकर घालायची, हे तिच्या आईने तिला शिकवलं होतं.

"पोरा, ओवालताना दिवा इजवतात कं?" ती म्हणाली, आणि चालू लागली.

नाथाने पुन्हा सांगितलं, या हवेला आग लागते, सगळे जळाल. पण हवेला आग लागते हे कोणाला पटणार? हवा फुंकून तर चूल पेटवतात. आकाशातून आल्यामुळे पोराला काही बाधलंय असंच लोकांना वाटलं. ओवाळ, ओवाळ, असं दोघीतिघी म्हणाल्यासुद्धा. नाथा राघोला म्हणाला, दोर सोडा आणि पळा.

राघोने मूठ आणखी आवळली. "तुला सोरला त तू वर जाशील," तो म्हणाला. "मंग तुजे आयसला काय सांगू?"

ती माया होती हो, निव्वळ माया. आई दिवा विझवेना मायेने, चुलता दोर सोडेना मायेने, आणि त्या मायेपायी अख्खं गाव जळायच्या बेतात आलं होतं. गोळा पुन्हा कलला. तुळसाबाई आता इतकी जवळ आली होती की मला तेलाचा वास यायला लागला.

नाथाने कमरेचा कोयता काढला. एकेक करून सगळे दोर छाटले. वाळूची पोती ढकलली, दुर्बीणही फेकली. खालून तुळसाबाईची हाक आली आणि पुढच्या क्षणी ती ऐकू येईनाशी झाली.

आम्ही जे वर गेलो ते थांबेचना. आता खाली बांधलेला दोर नव्हता, टाकायला पोतं नव्हतं. ढग आले, ओले, गार, आणि मग ढग खाली राहिले. तिथे ऊन होतं पण ऊब नव्हती. माझ्या वेतावर बर्फासारखं पांढरं हिव जमलं, कोकणच्या उन्हात वाढलेल्या मला ते काय आहे हेच कळेना. नाथाची नखं निळी पडली. नाकातून रक्त आलं. श्वास घेताना तो सबंध अंगाने ओढून घ्यायचा. झडपेची दोरी गोठून अडकली होती आणि बोटांनी ती पकडता येत नव्हती.

एकदा तो माझ्या तळाशी बसला. मला वाटलं, आता हा उठत नाही. मी नुसती टोपली, मी काय करणार? गुणाजीने विणलेला तळ तेवढा पक्का धरून ठेवला.

तो उठला. दोरी दातात धरली, मनगटाला गुंडाळली आणि सगळं वजन टाकून लोंबकळला. झडप कण्हत उघडली. उतरताना त्याच्या हातात बळ आलं तेव्हा त्या पोराने काय केलं असेल? खिशातला कागद काढला आणि गारठलेल्या बोटांनी खालची नदी काढायला घेतली. मी बघतच राहिले. अशा माणसांना काय म्हणायचं ते मला आजही सुचत नाही. आपल्याला पाठवलंय ते बघायला, तर बघून यायचं, एवढंच त्यांना कळतं.

वरचा वारा पश्चिमेचा होता. त्याने आम्हाला कल्याण, आंबिवली ओलांडून खडवलीच्या नदीकाठी आणून आपटलं. माझी एक बाजू फुटली. तळ मात्र शाबूत राहिला आणि त्यात नाथा जिवंत होता. एका कानाने त्याला पुढे कधी ऐकू आलं नाही.

बैलगाडीतून नाथाला आणि मला कोलशेतला आणलं. तुळसाबाई दारात बसली होती. नाथा गेल्यापासून तिने अन्न घेतलं नव्हतं आणि तो दिवा तेल घालून घालून जळता ठेवला होता. उठून तिने आधी ओवाळलं, मग विचारलं, "माजेपासून पललास कं?"

सांगून तिला पटणार नव्हतं. नाथा तिला छावणीत घेऊन गेला. मलाही त्याच गाडीत घालून नेलं होतं, फुटलेली बाजू दाखवायला. कप्तानाने एका बाटलीत ती हवा घेतली, ती फाटकाबाहेर दूर नेऊन ठेवली आणि लांब काठीला बांधलेला जळता काकडा तिच्या तोंडाशी नेला. बार झाला. बाटलीच्या ठिकऱ्या उडाल्या.

तुळसाबाईने त्या ठिकऱ्यांकडे पाहिलं, मग लांब मैदानात फुगत असलेल्या दुसऱ्या बलूनकडे. तिचे ओठ हलत होते.

"मंजे मी माजे हातान तुला जालला असता?"

"तुला ठावं नव्हता, आये," नाथा म्हणाला.

ती तिथेच मातीत बसली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला कळलं, कारण मीही त्याच धक्क्यात होते. पुढे कित्येक दिवस तिने चूलसुद्धा शेजारणीकडून पेटवून घेतली.

मग छावणी उठली. कप्तानाची पलटण उत्तरेला सरहद्दीकडे निघाली, टेहळणीला नाथा हवाच होता. मी फुटकी, म्हणून मला तुळसाबाईला देऊन टाकलं. निघायच्या दिवशी छावणीत नव्या टोपलीतून त्याचं इथलं शेवटचं उड्डाण होतं. मला मैदानाच्या कडेला ठेवलं होतं. तुळसाबाई ताट घेऊन आली. कुंकू, तांदूळ, आणि तेलात भिजवलेली वात. न पेटवलेली. तिने ते ताट मुलाभोवती नीट तीनदा फिरवलं. बरोबर आलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. अशी ओवाळणी कोणी पाहिली नव्हती, अपशकुन म्हणून कुजबुजही झाली.

तुळसाबाईने कोणाकडे पाहिलं नाही. नाथाच्या ऐकू येणाऱ्या कानाशी जाऊन म्हणाली, "आर्धा आता ओवाललाय. बाकीचा घरा आल्याव."

ते ताट आता माझ्या तळाशी आहे. सरहद्दीकडून पहिली काही वर्षं खुशाली यायची. हल्ली बरेच दिवस आलेली नाही. वात सुकली की तुळसाबाई तिच्यावर थोडं तेल सोडते, काडी हातात घेते, आणि पुन्हा ठेवून देते.

म्हणून तुम्हाला विनवते. तुमच्या शेतात, खाडीकाठच्या खाजणात कधी असा गोळा उतरला तर घाबरू नका, दगड मारू नका. आधी हातातली विडी विझवा. मग आत बघा. एका कानाने बहिरा माणूस असला तर दुसऱ्या बाजूने जा आणि त्याला सांगा, कोलशेतला तुझं अर्धं ओवाळायचं राहिलंय.