चार मिनिटांची बॅटरी

धनश्रीनं तो इवलासा ड्रोन पहिल्यांदा पाहिला तो चुलत बहिणीच्या लग्नात. व्हिडिओवाला पोरगा डोळ्यांवर डबडं बांधून खुर्चीत बसला होता आणि त्याचं यंत्र वऱ्हाड्यांच्या पंगतीतून, पत्रावळींवरून, कुणालाही न लागता फिरत होतं. जेवण टाकून तिनं त्याला गाठलं. "ताई, आधी नुसता रिमोट घ्या," तो म्हणाला. "लॅपटॉपवर महिनाभर खोटं उडवा. मग खरं घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी मोडाल."

ती धंतोलीतल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायची, आणि सांगितलेलं काटेकोर पाळायचा तिचा स्वभाव होता. महिनाभर ती लॅपटॉपवरच्या भिंतींना धडकत राहिली. मग खरं यंत्र आलं. तळहातावर मावणारं, चार पंख्यांभोवती प्लास्टिकची कडी, पुढे मसुरीएवढा कॅमेरा. तसलाच डबड्यासारखा चष्मा लावला की आपण बसलेलो इथे आणि डोळे मात्र तिकडे, यंत्राच्या नाकावर. बॅटरी मात्र चार मिनिटांची. उडताना चष्म्यात कोपऱ्यात बॅटरीच्या व्होल्टचा आकडा दिसतो. तो साडेतीनच्या खाली गेला की परतायचं.

प्रताप नगरच्या फ्लॅटमध्ये पडदे आणि पंखे फार. म्हणून ती दर रविवारी पाचपावलीला, माहेरी यायची. तिथे तिचे वडील नत्थूजी यांची मागाची लांबलचक खोली होती. तीन हातमाग, दोन बंद, शेवटचा चालू. नत्थूजी सत्तरीतही त्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून रोज बसत.

"मागावरच्या धाग्यांचा ताना तुटला तर तूच जोडून देजो," ते दर वेळी बजावत, आणि चोरून बघतही.

त्या रविवारी अकराच्या सुमारास जनाबाईंनी लेकीला चहाला हाक मारली. धनश्री चष्मा, रिमोट आणि ड्रोन हातात घेऊनच बाहेर आली. नत्थूजी म्हणाले, "मी एवढा पट्टा विणून येतो." शेजारचं जुनं घर दोन दिवसांपासून मशीननं पाडायचं काम चालू होतं, त्या धडधडीची सगळ्यांना सवय झाली होती. पण पुढचा आवाज वेगळा होता. मधली भिंत फुगली आणि मागाच्या खोलीवर झोपली. कौलं, पत्रे, तुळया, सगळं एका दमात खाली आलं. धूळ बसली तेव्हा खोलीच्या जागी ढीग होता.

"बाबा!" धनश्री ओरडली. मशीन बंद पडलं होतं, तरी आतून काही ऐकू आलं नाही.

गल्ली धावली. कुणी अग्निशमनवाल्यांना फोन लावला. वीस मिनिटं लागतील म्हणाले. वेल्डिंगचं दुकान चालवणारा रजत माणसं जमवून रस्त्याच्या बाजूचे पत्रे ओढायला लागला. धनश्रीला दाराची वाकलेली चौकट दिसली. तिच्याखाली वीतभर फट होती.

तिनं खिसा चाचपला. एक भरलेली बॅटरी, एक निम्मी. तिनं भरलेली लावली.

"हे खेळणं काहून काढून राहिली वं आता?" जनाबाईंचा आवाज फाटला.

"आई, चष्मा लावला की मले बाहेरचं काहीच दिसत नाही. माह्या कमरेले धरून ठेव. कोनाले धक्का देऊ देऊ नको."

आईचे हात कमरेला घट्ट बसले. धनश्रीनं अंगठे रिमोटच्या दांड्यांवर टेकवले.

पहिल्याच फेरीला यंत्र चौकटीला आपटून उलटं पडलं. बटण दाबून तिनं ते सरळ केलं. दुसऱ्यांदा आत शिरलं. आत तिला पाठ असलेली खोली नव्हतीच. जमिनीलगत उडालं की स्वतःच्याच वाऱ्यानं धूळ उठून सगळं पांढरं व्हायचं, वर जावं तर खिळ्यांनी भरलेला पत्रा. पहिला माग चपटा झाला होता. दुसरा आडवा. चित्रात मुंग्या यायला लागल्या. आकडा तीन-सात.

पुढे एक जाड सागवानी तुळई दिसली. तिचं एक टोक तिसऱ्या मागाच्या चौकटीवर टेकलं होतं, दुसरं एका लांब पत्र्यावर. तो पत्रा हलत होता. का हलतोय हे तिला क्षणभर कळेना.

तीन-पाच. आता परतायला हवं होतं. पण परतलं तर उरलेल्या निम्म्या बॅटरीत इथवर पुन्हा येता आलं नसतं. तिनं श्वास धरला आणि यंत्र तुळईखालून खड्ड्यात उतरवलं.

आधी करडा सदरा. मग हात. हात उठला, यंत्राला लागला, आणि चित्र गरकन फिरून थांबलं. यंत्र पडलं होतं, पण कॅमेरा चालू होता. आडवा, धुळीनं माखलेला वडिलांचा चेहरा. पापणी मिटली. उघडली.

"जित्ते हायेत!" ती किंचाळली, आणि त्याच क्षणी हलणारा पत्रा म्हणजे काय ते तिला उमगलं. चष्मा कपाळावर सारून ती रजतच्या माणसांकडे धावली. "थांबा! सोडा तो पत्रा!"

"ताई, बाजूले व्हा न! वेळ नाही हाय!"

तिनं पत्र्याची कड दोन्ही हातांनी धरली. तळवा चिरला. "ह्याच्यावर तुळई टेकली हाय, रजत. हा ओढला तर ती सरळ बाबांवर येते. बघ, तूच बघ!" तिनं चष्मा ओढून त्याच्या डोळ्यांवर धरला.

रजतनं पाहिलं असेल दोन-तीन सेकंद. मग चित्र काळं झालं. त्यानं चष्मा परत दिला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"कोनी हात लावू नका गा," तो म्हणाला. मग हाताखालच्या पोराला, "गोलू, दुकानातून दोन्ही जॅक आन. पळ!"

अग्निशमनवाले आले तेव्हा धनश्रीनं त्यांना जमिनीवर विटकरीनं रेघा ओढून तुळई कुठे, खड्डा कुठे ते दाखवलं. त्यांनी मागची भिंत फोडली, जॅकवर तुळई तोलली. दीड तास लागला. तेवढा वेळ जनाबाईंनी लेकीची पुन्हा धरलेली कमर सोडली नाही, जणू चष्मा अजून डोळ्यांवरच आहे. नत्थूजींना स्ट्रेचरवरून गल्लीच्या टोकाशी नेलं असेल-नसेल, तोच मागाची चौकट कडाडली आणि तुळईसकट खड्ड्यात गेली.

त्यांच्या डाव्या नडगीचं हाड आणि दोन बरगड्या मोडल्या होत्या. मौद्याच्या वीजकेंद्रातून पाळी सोडून आलेला तिचा नवरा जितेंद्र रात्रभर दवाखान्यात सासऱ्यांजवळ बसला. धुळीनं बसलेला नत्थूजींचा आवाज तिसऱ्या दिवशी फुटला.

"तुम्ही हाका मारून राहिल्या होत्या ते ऐकू येत होतं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पण तोंडातून शब्दच निघेना. मग वाटलं, विसरले मले. आन् तेवढ्यात तुहं ते मच्छर आलं. डोयात धूळ घातली त्यानं. असा राग आला, दिली एक चापट!"

धनश्री हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. पट्टी बांधलेला तळवा तिनं वडिलांच्या छातीवर, बरगड्यांना लागणार नाही अशा बेतानं ठेवला.