गुणाबाईचा टब

निपाणीतल्या एका बंद पडलेल्या तंबाखूच्या वखारीत सकाळी सात वाजता म्हाताऱ्या बायका गोल करून उभ्या होत्या. हात वर करून टाळ्या वाजवल्या, खांदे फिरवले, जागच्या जागी चालल्या. मग खुर्च्यांवर बसून, लुगडी गुडघ्यापर्यंत ओढून, प्रत्येकीनं आपापल्या टबात पाय सोडले. टबांवर रंगानं नावं लिहिलेली. पाण्यात मूठभर मीठ आणि एक भोकाभोकांची डबी. डबीची वायर यंत्राला जोडलेली.

यंत्र चालवणाऱ्या, सगळ्या ज्यांना 'सर' म्हणत त्या माणसानं बटण दाबलं. नितळ पाणी आधी पिवळं झालं, मग विटकरी, मग गडद तपकिरी. वर फेस आला.

"बघा आज्ज्यांनो! जन्मभर विड्या वळल्या, तंबाखू नाकातनं, बोटांतनं हाडांत मुरली. कुठल्या डॉक्टरनं बाहेर काढली? आपल्या यंत्रानं काढली! आणि विष बाहेर जात असताना वरनं गोळ्यांचं नवीन विष घालायचं का?"

"न्हाय!" वखार दुमदुमली.

"बाळे, माझं बघ की गं, तुझ्यापरीस काळं आलंय," मालुबाई म्हणाली.

"येणारच. वळता वळता निम्मी तंबाखू तोंडात कोन टाकत व्हतं?" शेजारची बाळाबाई म्हणाली.

हशा पिकला. दुसऱ्या कुठल्या गावात हे पाणी पाहून लोक मळ म्हणाले असते. या बायकांनी मात्र हा रंग आयुष्यभर पाहिलेला. नखांत, घरच्या जमिनीत, लुगडं धुतलेल्या पाण्यात. त्यांना कुणी पटवून द्यावं लागलं नाही. त्यांनी तंबाखू ओळखली.

एक खुर्ची रिकामी होती. खुर्चीपुढच्या टबावर नाव होतं, गुणाबाई. ती माझी आई.

आई अर्धांगवायूच्या झटक्यानं गेली. "रक्तदाबाची गोळी कधीपासून बंद आहे?" डॉक्टरांनी विचारलं. ती बंद आहे हेच मला माहीत नव्हतं. दिवसकार्य झाल्यावर मी तिचं विड्या वळायचं सूप आवरायला घेतलं. पानांच्या खाली गोळ्यांची पाकिटं होती, न फोडलेली.

त्याच दुपारी बाळाबाई भेटायला आली. आईच्या शेजारी बसून तिनं सारी हयात विड्या वळल्या होत्या. ती खूप रडली आणि म्हणाली, "मंजू, थोडक्यात ऱ्हायली गं. अजून चार टब झालं असतं तर तंबाखू सगळी गेली असती तिची." तिच्या पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. चिंधीला वास येत होता.

"मावशी, साखरेच्या आजाराची गोळी चालू आहे ना?"

"कवाच सोडलीया. सर म्हनले, ही जखम न्हवं, इष निघायची वाट हाय."

म्हणून मी वखारीत आले होते. मी बेळगावला शाळेत विज्ञान शिकवते. टबातल्या पाण्याचं काय होतं, हे मला पहिल्याच मिनिटाला कळलं. पण ते बाळाबाईला कळायला हवं होतं, आणि अंगठ्याकडे पाहता वेळ थोडा होता.

मी उठून म्हटलं, "सर, एक विनंती. आज आईचा टब लावाल? तिच्या आठवणीसाठी."

सरांना आनंदच झाला. "अवश्य ताई!" त्यांनी पाणी ओतलं, मीठ टाकलं, डबी सोडली. टबात कुणाचेच पाय नव्हते. बटण दाबलं. पाणी पिवळं झालं, विटकरी झालं, तपकिरी झालं.

बायका वाकून टबात बघू लागल्या. मला वाटलं, झालं, कळलं सगळ्यांना.

तेवढ्यात मालुबाईनं हात जोडले. "गुणाक्का आली."

"आली!" सरांनी संधी सोडली नाही. "देह गेला, पण राहिलेली तंबाखू सोडायला माउली आली! केवढी श्रद्धा!"

बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. बाळाबाई वाकून टबाच्या काठावरून हात फिरवत होती, आईच्या पाठीवरून फिरवावा तसा. त्या क्षणी माझ्याही मनात आलं, की असू दे, आली असेल. तिला पुन्हा घालवायला माझा जीव होईना.

मग तिच्या अंगठ्याची चिंधी दिसली.

"मावशी, पाणी प्यायची बादली कुठली?"

"ती काय, कोपऱ्यात."

"तिच्यात कधी कुणी पाय घातलाय?"

"याड लागलंय व्हय? प्यायच्या पाण्यात पाय कोन घालील?"

"आण मग. तूच मीठ टाक. तूच डबी सोड."

"ताई, थांबा! यंत्राला देह लागतो, नुसत्या बादलीत ते जळून जाईल," सर पुढे आले.

"आता गुणीला कुठला देह व्हता?" बाळाबाई म्हणाली आणि तिनंच बटण दाबलं.

बादली पिवळी झाली. विटकरी झाली. तपकिरी झाली.

"ह्यात कोन आलंय रं?" बाळाबाईनं सरांना विचारलं.

मी बटण बंद केलं आणि डबी उघडली. आत लोखंडाच्या दोन सळ्या होत्या, पेन्सिलीसारख्या बारीक. सरांच्या टेबलावर नवी जोडी पडलेली होती, बोटाएवढी जाड. दोन्ही जोड्या मी बाळाबाईच्या हातात दिल्या.

"मिठाच्या पाण्यात लोखंडात वीज सोडली की ते भराभर गंजतं. तुमच्या अंगातनं काही निघालं नाही, मावशी. हा गंज आहे. झिजली ती ही सळी."

"मग माझं गुडघं कशानं हलकं झालं?" मालुबाई चिडून म्हणाली. "खोटं बोलतोय व्हय आम्ही?"

"खरंच झाले. रोज सकाळी चालत येता, हात वर करता, हसता, एकमेकींची वाट बघता. त्यानं झाले. त्याला यंत्र लागत नाही."

सरांनी वायरी गुंडाळायला घेतल्या होत्या. टब फुकट होता. टबानंतर प्यायच्या थेंबांची बाटली विकत होती. उरलेल्या बाटल्या त्यांनी आधी पिशवीत भरल्या.

बाळाबाई अजून सळी चाचपत होती. "मग गुणीची तंबाखू?" तिनं हळूच विचारलं.

"तिच्याबरोबरच गेली, मावशी."

त्याच दिवशी मी तिला दवाखान्यात नेलं. अंगठा गेला, पाय वाचला. बायका आता एका शाळेच्या व्हरांड्यात जमतात, त्याच वेळी, तेच व्यायाम करतात. बाळाबाई खुर्चीत बसून हात वर करते आणि मालुबाईला शिव्या देते.

आईचा टब मी घरी आणला. त्याच्या कडेची तपकिरी रेघ घासून जात नाही. ऋतिका, माझी मुलगी, सहा वर्षांची आहे. माझ्या आईनं तिला कधी मांडीवर घेतलं नव्हतं. मांडीवर सूप असायचं, आणि सूप नसलं तरी "लेकराला वास लागंल, खोकला लागंल" म्हणायची. गेल्या दिवाळीत मात्र तिनं ऋतिकाला ओढून मांडीवर घेतलं. "आता चालतंय," म्हणाली. का चालतं, हे सांगितलं नाही. ते मला वखारीत, टबातलं तपकिरी पाणी बघून कळलं.

ते तर आधीही चाललं असतं, आई. रोज चाललं असतं.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या आईवडिलांना रोज चार माणसांत जाऊ द्या, चालू द्या, हसू द्या. त्यांच्या गोळ्या कोणी बंद करायला सांगितल्या, तर सांगणारा कोण, हे विचारा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी त्याला म्हणा, हाच एकदा नुसत्या पाण्याच्या बादलीत करून दाखव.