गालातला मणी

"तोंड मीट! मणी दाढंखाली धर, अन् धूर सरंस्तोवर एक शबूद काढशील तर बघ!"

अब्बांचा हा आवाज गफारच्या कानात अजून तसाच होता, भट्टीच्या उबेसकट. त्याचे अब्बा, मुजीबमिया, तुळजापुरात मुलाम्याचं काम करत. पितळी मुखवट्यावर सोनं चढवायचं तर ते पाऱ्यात कालवायचं, तो लोण्यासारखा लगदा मुखवट्याला फासायचा आणि निखाऱ्यावर धरायचा. पारा धूर होऊन उडायचा, सोनं मागं राहायचं. आणि धूर उडताना गालात सोन्याचा मणी धरायचा, ही घरची रीत. पारा माणसाआधी सोन्याला भुलतो, असं अब्बा म्हणत. काम संपल्यावर मणी हातावर घेतला की चांदीसारखा पांढरा निघायचा, निखाऱ्यावर तापवला की परत पिवळा. पोरगा गफार डोळे विस्फारून बघत राही. अम्मी फुंकणीनं जाळ फुलवता फुलवता गुणगुणे,

पारा गं चंचळ, नाही ठरत हातात
सोनं गं दिसताच, निजे त्याच्या पदरात

पुढं विजेवर चालणारं मुलाम्याचं पाणी आलं, भट्टी विझली. अब्बा गेले. मणी गफारच्या बायकोच्या, कुलसुमबीच्या काळ्या पोतीत ओवला गेला. गफारही आता मुखवट्यांचं दुकान चालवत साठी ओलांडून बसला होता.

आणि ह्या वयात त्याच्या अंगात तमाशा उभा राहिला. आधी डावी पापणी फडफडायला लागली. मग पोटरीत काहीतरी उडू लागलं, जशी ओंजळभर पाण्यात मासोळी. बोटांच्या टोकांना मुंग्या. चिमट्यात धरलेला मुखवट्याचा डोळा दोनदा निसटून नालीपर्यंत गेला.

शेजारचा किराणावाला गुरुसिद्धप्पा म्हणाला, "लकी आहेस. पापणी फडफडली की पाव्हणं येत्यात."

"दोन म्हैनं झालं फडफडायलीय. एवढं पाव्हणं आलं तर तुझं दुकान रिकामं व्हईल, अप्पा."

धाराशिवला तपासण्या झाल्या. रक्त, साखर, मणका, शिरांना करंट देऊन बघणं. सगळं नॉर्मल. गफारला याचंच दुःख झालं. इतका खर्च करून माणूस आजारी सुद्धा निघू नये?

"कामधंदा काय?" तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं.

"दुकान."

"कधी रसायनं, धूर वगैरे?"

शेजारी कुलसुमबी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. गफारनं तिच्याकडं पाहिलं.

"न्हाय," तो म्हणाला.

घरी येऊन मात्र त्यानं मोबाईलवर पाऱ्याबद्दल वाचायला घेतलं. सकाळी त्याला तीन लक्षणं होती. जेवायच्या वेळेपर्यंत सात झाली. तोंडाला धातूची चव येते असं वाचलं आणि कुलसुमबीचं वरण त्याला लोखंडासारखं लागायला लागलं.

"मीठ कमी हाय का?" तिनं विचारलं.

"लोखंड जास्त हाय," तो पुटपुटला.

आता खरं काय ते कळायला हवं होतं. आणि मुलामेवाल्याच्या पोराला त्याची एकच वाट सुचली. अंगात पारा असेल तर तो सोन्याला भुलेल! कुलसुमबीची पोत नुकतीच तुटली होती, मणी कोनाड्यातल्या डबीत होते. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर गफारनं अब्बांचा मणी हळूच उचलला आणि दाढेखाली धरला. पांढरा पडला तर पारा. पिवळा राहिला तर मोकळं फिरायचं.

फक्त बोलायचं नव्हतं. तोंड उघडलं तर मणी गिळला जायचा.

कुलसुमबी डबी घेऊन आली. "अवो, माझा मणी कुठं गेला? रातच्याला तर होता."

गफारनं मान हलवली.

"मान कशापाई हलवताय? तोंडाला कुलूप लागलंय व्हय?"

गफारनं छताकडं पाहिलं.

"रुसला का? कालच्या वरणावरनं? सांगा की!"

एवढ्यात गुरुसिद्धप्पा तंबाखू मळत आत आला. त्यानं बघितलं तर गफारचा एक गाल फुगलेला, ओठ घट्ट मिटलेले, पापणी फडफडतेय.

"अय्यो शिवा! वहिनी, हे रुसणं न्हवं. तोंड बघा, एका बाजूला गेलंय. लकवा हाय लकवा!"

गफारनं दोन्ही हात जोरात हलवले. म्हणजे न्हाय, न्हाय.

"बघा, आता हात बी झटकायला लागला!"

पुढचं फार वेगानं झालं. गुरुसिद्धप्पानं रिक्षा आणली. कुलसुमबी डोक्यावरचा पदर सावरत, एका हातानं नवऱ्याचा खांदा धरून, सगळ्या पीरांची नावं घेत होती. गफार मणी जिभेनं या गालातून त्या गालात न्यायचा, की गुरुसिद्धप्पा ओरडायचा, "वहिनी, आता लकवा दुसऱ्या बाजूला गेला!"

तुळजापुरातल्या दवाखान्यात तरुण डॉक्टर टॉर्च घेऊन पुढं वाकला. "चाचा, जीभ बाहेर काढा."

गफारनं कुलसुमबीकडं पाहिलं. तिचे डोळे काठोकाठ भरले होते. मग त्यानं आपली जीभ बाहेर काढली. जिभेवर पिवळाधमक मणी.

"माझा मणी!" कुलसुमबी किंचाळली.

गुरुसिद्धप्पानं टोपी काढली आणि परत घातली. "लकव्यात हे निघतं, म्या पयल्यांदाच बघतोय."

डॉक्टरला हसू आवरेना. गफारला सगळं सांगावं लागलं. भट्टी, धूर, पांढरा पडणारा मणी, धाराशिवच्या डॉक्टरीणबाईंचा प्रश्नही.

"चाचा, मण्यानं काही कळत नाही. रक्त-लघवीत बघता येतं, पण इतक्या वर्षांनी सापडेलच असंही नाही. दुसरं कारणही असेल. पण धुराचं हे धाराशिवला का सांगितलं नाहीत? त्या विचारत होत्या ना?"

गफारनं ओठ परत मिटले. आता तर गालात मणीही नव्हता.

कुलसुमबीनं मणी पदरानं पुसला. शेवटची काही वर्षं मुजीबमियांच्या हातातली बशी गल्लीत ऐकू येईल इतकी वाजायची. घास तोंडापर्यंत पोचायचा नाही. तेव्हा तिनंच त्यांना चमच्यानं भरवलं होतं. "अब्बा, हात नाचू द्या, तोंड तेवढं जाग्यावर ठेवा," म्हणायची, आणि म्हातारा खदखदा हसायचा. बाहेर चुलीशी येऊन एकटी रडायची, हे गफारनं पाहिलं होतं.

"बोला की," ती हळू म्हणाली. "आता काय धरलंय तोंडात?"

गफारनं आपला उजवा हात तिच्यासमोर धरला. करंगळी थरथरत होती.

"अब्बांचं बी असंच सुरू झालं व्हतं, कुलसुम. म्या भ्यालोय. अन् तुला दुसऱ्यांदा चमचा धरायला लावायचा न्हवता."