चिमूटभर धूप

"आत्या, आईचे लोक चांगले होते का वाईट?"

मी प्रतिभाची वेणी घालत होते. 

प्रतिभा माझ्या भावाची, देवीदासची मुलगी. अकरा वर्षांची. तिची आई सुशीला ख्रिस्ती घरातली. ती गेली तेव्हा माहेरच्यांच्या इच्छेप्रमाणे तिला छिंदवाड्याला पुरलं. देवीदासची नोकरी तिगाव स्टेशनवर, म्हणून पोरगी सौंसरला आमच्याकडे, म्हणजे माझे बाबा दादाराव आणि मी, यांच्याजवळ वाढत होती. नाताळाआधी तिकडे कबरींना चुना मारतात. यंदा नातीनं त्यासाठी यावं, एवढंच छिंदवाड्याच्या आजीनं कळवलं होतं.

आम्ही बौद्ध. बाबांनी साफ नकार दिला होता. "एकदा आपले देव नदीत सोडले. आता दुसऱ्याचे उचलून आणाले पोट्टी धाडू का?"

आजी सांगायची, रोमच्या सम्राटांनी आपली माणसं सिंहांपुढे टाकली. बाबा सांगायचे, त्याइनंच लोकं जिवंत जाळले. दोन्ही सांगणारी माणसं प्रतिभाची होती, आणि मधे आईची कबर होती. मी विज्ञान शिकलेली. दोन मोजमापं जुळत नसतील तर आधी साधन तपासावं, एवढं मला येत होतं. मी तिला म्हटलं, "थांब, पुस्तक शोधते."

नागपुरात एका धार्मिक पुस्तकांच्या दुकानात मुलांसाठीचं पुस्तक मिळालं. रंगीत चित्रं, प्रत्येक हुतात्म्याच्या डोक्यामागे उजेड. सम्राट ख्रिस्ती होतो आणि पुस्तक संपतं. फुटपाथवर दुसरी पुस्तिका मिळाली. ती सम्राट ख्रिस्ती झाल्यावर सुरू होत होती, आणि तिच्यात नुसता जाळ होता. दोन्ही घेऊन मी परत आले. पहिलं प्रतिभाला दिलं तर बाबा चुकतात, दुसरं दिलं तर आजी.

शेवटी पांढुर्ण्याला यशवंतरावांकडे गेले. ते निवृत्त इतिहास शिक्षक.

"लहान पोरीसाठी पायजे?" ते म्हणाले. "आन कोणाची बाजू नको? असं पुस्तक मी तीस वर्षं पोरांले शिकवताना शोधून राहिलो होतो." मग कपाटाच्या तळातून एक पिवळं पडलेलं मराठी पुस्तक काढलं. "हे घेऊन जाय. चित्र एकबी नाही. पोट्टी जांभया देईन, पण फसणार नाही."

बसमध्ये मी ते चाळलं. सिंहांची गोष्ट होती, पण लेखक म्हणत होता की असं सारखं घडत नसे. मधली कित्येक वर्षं या लोकांना कोणी विचारतही नसे. काही ठिकाणी त्यानं सरळ लिहिलं होतं, हे नक्की माहीत नाही. हे वाक्य मला सगळ्यात आवडलं.

आमच्याकडे पुस्तक लपून वाचायची सोय नव्हती. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जातो. तिथला नियम बाबांनीच घातलेला: पुस्तक मिटेपर्यंत कोणी मधे बोलायचं नाही, विचारायचं ते नंतर. घरातही तेच. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून वाचायचं काम प्रतिभाचं.

"कायचं पुस्तक आहे?" त्यांनी विचारलं.

"आईच्या लोकाइचा इतिहास," ती म्हणाली.

बाबा माझ्याकडे वळले. "सुमन, हे तुह्यं काम."

"त्यांचं वाईटही लिहिलंय त्यात, बाबा."

"लिवणारा कोण?"

"ख्रिस्तीच."

ते प्रतिभाकडे वळले. "वाच मंग. संपल्यावर सांगतो, जायचं का नाही."

रोज संध्याकाळी अंगणात वाचन होऊ लागलं. अवघड शब्दाला प्रतिभा अडखळायची, पुन्हा मागून घ्यायची. एक दिवस पुस्तकात एक हुकूम आला: सम्राटाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाका आणि घरी जा. काहींनी टाकला नाही, ते मेले. पुष्कळांनी टाकला. छळ थांबल्यावर ते रडत आपल्या लोकांकडे परत आले. तुरुंग सोसून आलेल्यांतच तेव्हा भांडण पेटलं. कोणी म्हणे, यांना घेऊ नका. कोणी म्हणे, घ्या, पण आधी दाराबाहेर उभं राहू दे.

प्रतिभानं पुस्तक मिटलं. मग विचारलं, "आबाजी, मोहगावचा आजा आई गेली तेव्हा आपल्या दाराबाहेरच उभा होता. तसंच का?"

मोहगावचा आजा म्हणजे हिरामणकाका, बाबांचे धाकटे भाऊ. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी सगळ्या वस्तीनं देव नदीत सोडले. काकांनी देवाचा एक टाक, मूर्ती उठवलेला छोटा पत्रा, ज्वारीच्या कोठीत दडवला. त्यांच्या आईच्या रोजच्या पूजेतला होता, हात धजला नाही, म्हणाले. तेव्हापासून बाबांनी त्यांच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. सुशीलाच्या वेळी काका आले, फाटकाशी उभे राहिले. आत ये, असं बाबा म्हणाले नाहीत.

बाबा उठले आणि घरात गेले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, वाचन बंद. पण वेळ झाली तशी त्यांनी स्वतःच बाज ओढली. शेवटच्या प्रकरणात सत्ता आली. छळ सोसलेल्यांच्या नातवंडांनी दुसऱ्यांची देवळं फोडली, वेगळं बोलणाऱ्यांना गावाबाहेर घालवलं. बाबा ज्याची वाट पाहत होते ते हेच. पण ते मान खाली घालून ऐकत राहिले.

पुस्तक मिटल्यावर म्हणाले, "ते देवळं फोडल्याचं पुन्हा वाच बरं. कोण फोडले म्हन्ते?"

प्रतिभानं पान शोधलं. "'आमच्या लोकांनी' लिवलं आहे."

"आमच्या म्हन्ते?"

"हो."

बाबांनी मान वर केली. मग तिला म्हणाले, "जाय. आईच्या कबरीले चुना नीट मारजो. पातळ करू नको, ओघळते."

"आबाजी, मंग ते चांगले का वाईट?"

"तू वाचलं ना? मले काय विचारतं?"

नाताळाच्या आदल्या आठवड्यात देवीदास तिला न्यायला आला. बाबा काठी टेकत स्टँडवर आले, संत्र्यांच्या दोन थैल्या घेऊन. एक त्यांनी प्रतिभाच्या हातात दिली. "आजीले देजो. माह्या नावानं देजो."

छिंदवाड्याची गाडी निघून गेली. दुसरी थैली बाबांच्या हातातच होती. मी घ्यायला हात पुढे केला, त्यांनी दिली नाही.

"सुमन," ते म्हणाले, "मले पाट्या दिसत नाही. मोहगावची कोणती, पाय बरं."

मी तीन गाड्यांच्या पाट्या मोठ्यानं वाचल्या. तिसरी मोहगावची होती.