दोन वाजताची सुटी

धाकटीने लॅपटॉप कपाटावर ठेवला, तसा त्याचा पडदा मागे कलंडला. बिजागरी ढिली होती. तिने मागे जुन्या वह्यांचा गठ्ठा लावून तो सरळ उभा केला आणि वायर खाटेमागच्या प्लगपर्यंत ओढून नेली. वायरीशिवाय तो पाच मिनिटंही तग धरत नव्हता आणि त्याची तीन बटणं गायब होती. ‘म्हातारा झालाय, पण डोळा शाबूत आहे,’ असं दुरुस्तीवाल्याने विकताना हसत सांगितलं होतं.

“हे कशाला आता?” ताईने दारातून विचारलं.

“आईला गाणी लावायला. दिवसभर भिंतीकडे बघत पडलेली असते.”

ताईच्या हातात आईची ओली चादर होती. ती घेऊन ती मोरीत गेली.

गाणी लागायची, हे खोटं नव्हतं. पण दुरुस्तीवाल्याकडून धाकटीने आणखी एक सोय करून घेतली होती. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर जे असेल ते तिच्या फोनवर दिसायचं. चित्र अडखळत यायचं, आवाज तर नाहीच, पण खाट, खाटेवरची आई आणि शेजारचं स्टूल एवढं नीट दिसायचं. हे तिने ताईला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? महिनाभर एकच गोष्ट तिच्या डोक्यातून जात नव्हती. ताई घास घेऊन जवळ आली की आई मान खांद्यांत ओढून घ्यायची. आईला माणसं ओळखू येत नव्हती, सकाळ-संध्याकाळ कळत नव्हती. मान मात्र ती न चुकता आत घ्यायची.

धाकटी इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. सकाळपासून ओल्या चादरी गरम रोलरमध्ये सरकवायच्या आणि पलीकडून आलेल्या घड्या रचायच्या. दोन वाजता अर्ध्या तासाची सुटी. त्या सुटीत ती खिडकीजवळच्या बाकावर बसून फोन उघडायची. पहिले दोन दिवस वावगं काहीच दिसलं नाही, आणि आपल्या संशयाची तिला लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी ताईने घास पुढे केला, तो आईने थुंकला. ताईने तिचं तोंड पुसलं, दुसरा दिला. तोही थुंकला. मग ताईने वाटी स्टुलावर ठेवली, सांडू नये अशी अगदी जपून, आणि आईच्या गालावर चापट मारली. चित्र तिथेच अडकलं. पुन्हा हललं तेव्हा ताई ओंजळीत तोंड खुपसून बसली होती.

धाकटीने फोन पालथा घातला. शेजारच्या बाईने विचारलं, डबा का उघडला नाहीस? उघडतेय की, असं म्हणून तिने डबा उघडला.

घरी जाईपर्यंत तिने काय बोलायचं ते मनात चार वेळा जुळवलं. दार उघडलं तर आईचे केस विंचरलेले, चादर बदललेली. चार वर्षं आई अंथरुणाला खिळलेली होती, आणि तिच्या पाठीवर एकही जखम नव्हती. डॉक्टरसुद्धा नवल करायचे. ताईने चहाचा कप पुढे केला. ताई उद्या बोचकं उचलून निघून गेली तर आईपाशी कोण बसणार, हे धाकटीने तो कप हातात घेता घेता पुरतं पाहून घेतलं. तिची एकही रजा शिल्लक नव्हती. उद्या बोलू, असं तिने ठरवलं आणि चहा प्यायली.

उद्या बोलायचं पुढे पुढे जात राहिलं. अकरा दिवसांत तिने तसं आणखी चारदा पाहिलं.

मग सुटीच्या दिवशी दोघी आईची नखं कापत बसल्या होत्या. मान वर न करता ताई म्हणाली, “गाणी बंद असली तरी त्या कॅमेऱ्याचा हिरवा दिवा चालूच असतो.”

धाकटीचा हात थांबला.

“मला पहिल्याच आठवड्यात कळलं. घरात असते म्हणून आंधळी नाहीये मी.”

“आणि तरीही तू...”

“मला वाटलं, आज संध्याकाळी बोलशील. मग वाटलं, उद्या बोलशील.” ताईने आईचं पुढचं बोट हातात घेतलं. “कोणीतरी माझा हात धरेल म्हणून वाट बघत होते गं. तू रोज येऊन चहा प्यायचीस.”

भांडण झालं नाही. नखं कापून झाल्यावर धाकटी म्हणाली, “उद्यापासून तीन दिवस कामावर तू जा. माझ्या जागी. तीन दिवस मी घरी थांबते.” धुलाईखान्यातल्या मुकादमबाईंना तिने फोन केला. त्यांच्याही घरी कोणीतरी अंथरुणावर होतं. आधी कुरकुरल्या, मग म्हणाल्या, काम अडायला नको, बाकी मला कोणीही चालेल.

चार वर्षांत औषधांच्या दुकानापलीकडे न गेलेली ताई सकाळी डबा घेऊन निघाली. धाकटीने आपला फोन तिच्या हातात ठेवला. ताईने नको म्हटलं नाही.

तीन दिवसांचं काय एवढं, असं धाकटीला वाटत होतं. आईने दुपारच्या आत तीनदा चादर खराब केली. तिला चोर म्हणाली, घरातून निघून जा म्हणाली. दोनच्या सुमाराला धाकटी मऊ भाताची वाटी घेऊन बसली. पहिला घास थुंकला तेव्हा ती हसली. दुसऱ्याला तिने तोंड पुसलं. तिसरा घास तिच्या डोळ्यांवर उडाला. तिचा हात वर गेला, आणि खालीही आला.

केवढा आवाज झाला. फोनवर तो कधीच आला नव्हता. आई रडली नाही. तिने फक्त मान आत ओढून घेतली.

संध्याकाळी ताई परत आली तेव्हा वाफेने तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि मनगटावर भाजल्याची एक रेघ होती. ती पाणी प्यायली आणि स्टुलावर बसली.

“दोन वाजता फोन उघडला होता,” ती म्हणाली.

धाकटीने तिच्या हातातून पाण्याचा रिकामा पेला घेतला.

“मग बंद केला.”

खाटेवर आई काहीतरी पुटपुटत होती. ताईने तिच्याकडे पाहिलं.

“किती जेवली?”

“अर्धी वाटी.”

“माझ्या हातूनही तेवढंच खाते,” ताई म्हणाली आणि आईची कूस बदलायला उठली. “तिकडून धर.”

धाकटीने तिकडून धरलं.