छत्री दिसली की

"बाबा, आईचा एक धड फोटो नाही आपल्या घरात?"

लेक जमिनीवर फतकल मारून बसली होती आणि भोवती खोक्यांचा बाजार मांडला होता. गेलेल्या आईचा फोटो भिंतीवर लावायला हवा होता, एवढंच. एका फोटोग्राफरच्या घरात ही काही अवघड मागणी नव्हे. पण सकाळपासून तिच्या हाती लागल्या होत्या त्या बोटी, बोटी आणि फक्त बोटी.

लग्नातला एक फोटो होता, त्यात आईची मान खाली. ओळखपत्रावरचा एक होता, तो बघून आई स्वतःच म्हणाली होती, "ही कोण बाई?" लेकीच्या वाढदिवसाच्या फोटोंत केक कापणारा आईचा हात तेवढा होता.

बाबा खुर्चीत बसून होते. नदीकाठी सगळे त्यांना वस्तादच म्हणत. मोटारबोटींच्या शर्यतीचा फोटो काढावा तर त्यांनीच, असा त्यांचा दबदबा होता. धावती बोट टिपायची तर कॅमेऱ्यालाही तिच्याबरोबर धावावं लागतं. पाय रोवायचे, कोपरं बरगड्यांना चिकटवायची आणि कमरेतून वळत राहायचं. वळता वळताच बटण दाबायचं आणि दाबल्यावरही थांबायचं नाही. साधलं तर बोट अशी लख्ख येते की तिच्यावरचे स्क्रू मोजून घ्या. मागचं सगळं मात्र आडव्या रेघांमध्ये फिसकटून जातं. याला पॅनिंग म्हणतात. वस्तादांना ते असं साधलं होतं की बाकी काही साधायचं राहून गेलं.

"हा लाल पट्टा कसला?" लेकीनं विचारलं. "या फोटोत आहे, त्यातही आहे. सगळ्यांतच आहे."

वस्तादांनी चष्मा पुसला. तो पुसायची काही गरज नव्हती.

"ती तुझी आई आहे."

"काय?"

"समोरच्या काठावर लोखंडी खांब आहे बघ. तिथं ती लाल छत्री उघडून उभी राहायची. मीच सांगितलं होतं. बोट छत्रीसमोर आली की बटण दाबायचं, अशी माझी खूण होती."

"म्हणजे आई दर वर्षी फोटोत आहे."

"दर वर्षी," वस्ताद म्हणाले. "आणि एकातही दिसत नाही."

बोटींना ती सवती म्हणायची. "निघाल्या का तुमच्या लाडक्या?" असं चिडवत चिडवत छत्री काखेत मारायची आणि पूल ओलांडून पलीकडे जायची. उन्हात तासन्‌तास उभी राहायची. एकदा परत आल्यावर, घाम टिपत म्हणाली होती, "अहो, माझाही काढा की एखादा."

वस्ताद लेन्स पुसत होते. मान वर न करताच म्हणाले, "तू काय पळून चाललीस का? तुझा केव्हाही काढता येईल."

ती हसली होती. तेव्हा त्यांनाही ते बोलणं मोठं मजेशीर वाटलं होतं. आता ते आठवलं की आपलीच जीभ हासडून टाकावी असं त्यांना होई.

शर्यतीच्या दिवशी लेकही त्यांच्याबरोबर काठावर आली. येताना तिनं लाल छत्री आणली होती.

"मी जाऊन उभी राहू पलीकडे? तुम्हाला खूण लागेल ना?"

"नको गं. ती तिची जागा आहे."

वळणापलीकडून इंजिनांचा आवाज आला. काठावरचे सगळे फोटोग्राफर एकदम सरसावले. वस्तादांनी पाय रोवले, कोपरं चिकटवली. पहिली बोट पाणी कापत आली. सगळ्यांचे कॅमेरे तिच्यामागे वळले. वस्ताद वळले नाहीत. कॅमेरा खांबावर रोखून त्यांनी श्वास धरला आणि बटण दाबलं.

लेकीनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. "बाबा, बोट हलली की!"

"हलू दे."

आता बाहेरच्या खोलीत तोच फोटो लावलेला आहे. खाली पाण्यावर बोटीचा नुसता पांढरा ओरखडा. वर समोरचा काठ. खांबावरचा गंज दिसतो, गवताची पाती सुटी सुटी दिसतात आणि खांबाशेजारी एक माणूस उभं राहील एवढी रिकामी जागा लख्ख दिसते.

परवा वर्तमानपत्रातला एक जुना सहकारी आला होता. फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला आणि शेवटी भीत भीत म्हणाला, "वस्ताद, हा जरा चुकलाय का?"

"हो," वस्ताद म्हणाले. "चुकलंच."