मुन्येकाची तिसरी ओळ

सुनेने कोमट पाण्याच्या पातेल्यातून काकूंचा उजवा हात अलगद बाहेर काढला, टॉवेलवर ठेवला आणि मनगटावर दोन बोटं टेकवून म्हणाली, "मुन्येका."

काकूंनी डाव्या हाताने वही पुढे ओढली. सून घरात येऊन दोन महिने झाले होते. तिची भाषा स्पॅनिश, काकूंची मराठी, आणि दोन्ही येणारा मुलगा दिवसभर कामावर. मग काकूंनी नेम धरला. सकाळी हात जोडून झाले की चहाच्या आधी एक स्पॅनिश शब्द. एक दिवस, एक शब्द, एक ओळ. मनगट मोडलं त्या दिवशीही नेम चुकला नव्हता. तिथून पुढची अक्षरं तेवढी डाव्या हाताची, विस्कटलेल्या मुंग्यांसारखी.

सूनही शिकत होती. त्यांना 'आई' म्हणायची. तिच्या भाषेत ठेच लागली की असंच विव्हळतात, हे मुलाने सांगितल्यापासून काकू तिच्या हाकेला ओ देताना आधी तिच्या पायांकडे बघत.

लिहायच्या आधी त्या मागची पानं चाळायला लागल्या. शब्द ओळखीचा वाटत होता. होताच. खेळण्यांच्या दुकानासमोर शिकलेला.

"हा झालाय की गं. मुन्येका म्हणजे बाहुली. हे मनगट."

सुनेने हवेतल्या हवेत एक बाहुली कुशीत घेऊन थोपटली, मग पुन्हा मनगटावर बोट ठेवलं. हेही आणि तेही.

काकूंना काही हे पटलं नाही. एका हाकेला दोघींनी ओ दिली तर घरात पंचाईतच व्हायची. पण नेम तो नेम. त्यांनी 'बाहुली'च्या खाली समासात 'मनगट' लिहिलं आणि नाराजीने वही मिटली. ते मनगट प्लास्टर काढून आठवडा झाला तरी फळीसारखं ताठ होतं.

घराची पुढची खोली म्हणजे काकूंचं लाकडाला पॉलिश करायचं दुकान. काका गेल्यावर त्यांनी ते एकटीने चालवलं होतं. लाखेचं पॉलिश, तेही हाताने, थरावर थर. त्या खोलीचा एक कायदा होता: काम करणाऱ्याखेरीज कोणी उंबरा ओलांडायचा नाही. कायदा काकांच्या वेळचा, धुळीच्या धास्तीने केलेला. सून आली त्या पहिल्याच दिवशी सरळ आत गेली होती आणि लाखेच्या बरणीचं झाकण उघडून डोळे मिटून वास घेत उभी राहिली होती. काकू दारातून म्हणाल्या, "नको." सुनेने शिकलेला पहिला मराठी शब्द तो. त्यानंतर काही विचारायचं झालं तर ती उंबऱ्यापाशीच थांबे. गुणाची आहे, सांगितलेलं ऐकते, असं काकूंनी शेजारीपाजारी कौतुकाने सांगितलंही होतं.

आत एक गोल टेबल उभं होतं. त्यावर शेवटचे दोन हात द्यायचे राहिले होते आणि शनिवारी गिऱ्हाईक न्यायला येणार होतं. मुलाने संध्याकाळी पुन्हा दुकान बंद करायचा विषय काढला. शेजारच्या फ्रेमवाल्याला जागा हवी होती, आणि मनगट पहिल्यासारखं वळेलच असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत नव्हते. मुलगा जीव तोडून, पण नीट समजावून बोलत होता.

"शनिवारी टेबल झालं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही, आई. नाही झालं तर किल्ली त्याला देऊ."

काकूंनी मान डोलावली. तो खोटं काही बोलत नव्हता, मग रागवायचं तरी कशावरून.

शुक्रवारी सकाळी त्या एकट्याच दुकानात गेल्या. कापसाचा बोळा फडक्यात गुंडाळून लाखेत भिजवला, क्षणभर डोळे मिटले आणि टेबलावर हात टाकला. या कामात बोळा लाकडावर थांबून चालत नाही. टेकताना चालता हवा, उचलतानाही चालता हवा. पहिले दोन फेरे बरे गेले. तिसऱ्याला मनगट अडलं. पापणी लवायला लागते तेवढाच वेळ, पण बोळा चिकटला आणि टेबलाच्या ऐन मध्यावर रुपयाएवढा खरबरीत डाग उठला.

काकू स्टुलावर बसल्या. बोळा हातातून कधी पडला, त्यांना कळलं नाही.

मान वर केली तेव्हा उंबऱ्यापाशी सून उभी होती. डागाकडे बघत होती. तिची बोटं चौकटीवर हलत होती, पाऊल मात्र उंबऱ्याबाहेरच. काकूंना एकदम तो बरणीचा दिवस आठवला. झाकण उघडून अशी डोळे मिटून कोण उभी राहते?

"ये," काकू म्हणाल्या.

हा शब्द तिला येत होता. तरी ती हलली नाही. काकूंनी स्टुलावरून उठून तिचा हात धरला आणि तिला आत आणलं.

मग तिने वेळ घालवला नाही. बारीक काचपेपरावर तेलाचा थेंब घेऊन डाग हळूहळू घासून सपाट केला. नव्या फडक्याचा तुकडा फाडला, कापूस मध्ये ठेवला, टोकं पिळून तळहातात घेतली. खालच्या अंगाला एक सुरकुती नाही. बोळा लाखेत भिजवून तिने स्वतःच्या हातावर टेकवून ओल पाहिली. काकू बघत राहिल्या. ही ओल अशी बघायला शिकायला त्यांना तीन वर्षं लागली होती.

सुनेने भिजला बोळा वर धरला.

"मुन्येका," ती म्हणाली. मग जमिनीपासून हातभर उंचीवर तळवा धरला, एवढीशी होती तेव्हाची खूण. "माझे बाबा."

पुढचे मराठी शब्द तिच्याकडे नव्हते. तिने टेबलाच्या कडेबाहेरून हात आणला आणि बोळा चालता चालताच लाकडावर उतरवला.

काकूंनी तिच्या हातावर आपला हात ठेवला, फक्त चाल सांगायला. थोडी घाई होत होती तिची. "हळू. असं." आठाचे आकडे एकात एक जात राहिले. किती वेळाने कोण जाणे, काकूंच्या लक्षात आलं की आपलंही मनगट त्या आकड्यांबरोबर वळतंय. त्यांनी तिकडे बघायचं टाळलं. दृष्ट लागायला नको.

दुपारी शेवटचा हात चालू असताना मुलगा फ्रेमवाल्याला घेऊन आला. उद्याचं उद्या, नुसतं माप घेऊन ठेवू, असं काहीसं तो बाहेरूनच म्हणत होता. फ्रेमवाल्याने टेप उलगडली आणि चपलांसकट एक पाय उंबऱ्यावर उचलला.

काकूंनी तोंड उघडलं होतं, पण त्यांच्या आधीच आवाज आला. मान न वळवता, हात न थांबवता, स्वच्छ मराठीत.

"नको."

फ्रेमवाल्याचा पाय तसाच मागे गेला. मुलगा आईकडे बघायला लागला. काकू खाली वाकून टेबलाच्या पायांना छोटे छोटे हात देत होत्या.

"ऐकलंस ना ती काय म्हणाली?" त्या म्हणाल्या. "ओलं आहे अजून. आणि माझी वही आण जरा, आजची ओळ राहिलीये."